यकृत उजव्या बाजूला असतं

तुम्ही लोकलच्या सामानाच्या डब्यात उभे आहात. साल २००२, ऑगस्टमधला रविवार, डोंबिवलीहून सुटलेली सकाळची स्लो गाडी. अंगात काळा टी-शर्ट, त्यावर कवटी. पाठीवर रेक्झिनच्या पिशवीत कोलकात्याचा गिव्हसन बेस गिटार. वय एकोणीस. गृहकर्ज, गुडघे, कोलेस्टेरॉल ही सगळी पुढची स्टेशनं आहेत, त्यांचा विचार आत्ता नको. पुढच्या वीस-बावीस वर्षांत काय काय घडणार हे तुम्हाला ठाऊक आहे, पण ते कुणाला सांगायचं नाही, एवढी एकच अट. पाळायला सोपी आहे. तुम्ही बँडचे बेसिस्ट आहात, तुमचं तसंही कुणी ऐकत नाही.

रिकामी पाटी घेऊन बसलेली कोळीण मावशी पिशवीकडे बघते.

"काय रं पोरा, बँजो पार्टी काय?"

"नाही मावशी, बँड आहे. इंग्लिश गाणी."

"लग्नात वाजवता?"

"लग्नात नाही वाजवत."

"मग मयताला?"

तुम्ही क्षणभर विचारात पडता, कारण गाण्यांचे विषय पाहता हे फारसं चूक नाही.

"किती घेता?" मावशीचा पुढचा प्रश्न.

"काही नाही. उलट आम्हीच देतो. प्रॅक्टिसच्या खोलीचं भाडं असतं ना."

आतापर्यंत ती कुतूहलानं बघत होती. आता काळजीनं बघायला लागते. कुर्ल्याला उतरताना सांगून जाते, "हळदीचं काम असलं तर भाच्याला सांगते. जेवण मिळतं."

दादरला पुलाखाली ड्रमर थांबलेला असेल. असेल म्हणायचं, कारण खात्री करायला साधन नाही. पाच जणांत मिळून मोबाइल एक, तोही गिटारवाल्याच्या दादाचा, आणि इनकमिंगला पैसे पडतात म्हणून तो कुणी उचलत नाही. म्हणून मिस्ड कॉलची भाषा ठरली आहे. एक म्हणजे 'निघालो', दोन म्हणजे 'पोचलो', तीन म्हणजे 'बाबा घरी आहेत, परत फोन करू नको'. आज निघताना पीसीओवरून एक दिलाय. पण तिकडे कुणी किती मोजले, ते देव जाणे.

ड्रमर आहे. त्याच्या हातातली जड पिशवी म्हणजे डबल पेडल, दोन्ही पायांनी एकच बास ड्रम बडवायचं यंत्र. या गड्याकडे ड्रम सेट नाही. असणार कुठून? त्याचं घर दोन खोल्यांचं आणि माणसं सहा. त्याच्याकडे फक्त पेडल आहे, आणि सराव एमटीएनएलच्या डिरेक्टऱ्यांवर होतो. दोन डिरेक्टऱ्या पायांखाली, दोन मांडीवर. गेल्या वर्षीच्या बऱ्या, नवीन पानं फार करकरीत वाजतात, असं त्याचं मत आहे. रात्री अकराला खालच्या मजल्यावरच्या काकू एकदा वर आल्या होत्या. "एवढ्या रात्री कसलं कुटताय हो? मसाला असेल तर मलाही अर्धा किलो द्या." त्याच्या आईनं वेळ मारून नेण्यासाठी हो म्हटलं, आणि नंतर खरंच अर्धा किलो मसाला कुटून दिला. डेथ मेटलसाठी मुंबईत कोणी काय सोसलं याचा इतिहास कधी लिहिला गेलाच, तर या माउलीचं नाव पहिल्या पानावर यायला हवं.

अंधेरीत एका जुन्या बंगल्याच्या गॅरेजमध्ये प्रॅक्टिसची खोली. भिंतींना अंड्यांचे ट्रे आणि जुन्या गाद्या. खिडकी नाही. पावसाळ्यात गाद्यांना जो वास येतो त्याचं वर्णन करणं बरं नव्हे, पण या संगीताला लागणारा मूड तो फुकटात तयार करतो. तासाचे दीडशे रुपये, म्हणजे माणशी तीस. सुरुवातीची दहा मिनिटं सुटे पैसे जमवण्यात जातात आणि त्यांचंही भाडं लागतं.

मग गिटारा सुरांत आणायच्या, म्हणजे सुरांतून खाली उतरवायच्या. नेहमीच्या गिटारची सगळ्यात जाड तार 'ई'ला लावतात, इथे ती पाच अर्धस्वर खाली 'बी'ला आणायची. तार इतकी सैल होते की बोट जरा जोरात पडलं तर सूर हलतो. तुमची पंचाईत इथेच होते. दोन्ही गिटारा खाली उतरून तुमच्या जागेत पथारी टाकतात, उरलेली जागा ड्रमरचे दोन पाय खाऊन टाकतात. तुम्ही चुकलात तरी कुणाला कळत नाही. बरोबर वाजवलंत तरीही नाही.

गिटारवाले दोघं, आणि दोघांचे दोन धर्म. पहिला फ्लोरिडावाला. त्याच्या दृष्टीनं खरं डेथ मेटल ते टाम्पाच्या मॉरिसाउंड स्टुडिओत तयार झालेलं, निर्माता स्कॉट बर्न्सच्या हाताखाली, घट्ट, कोरडं, एकेक ठोका मोजून घ्यावा असं. त्याचा देव चक शुल्डिनर. त्याच्या 'डेथ' या बँडचा 'स्क्रीम ब्लडी गोर' १९८७ सालचा. शुल्डिनर गेल्या डिसेंबरात, चौतिसाव्या वर्षी, मेंदूतल्या गाठीनं गेला. ती बातमी या पोरानं सायबर कॅफेत वाचली आणि तासाचे पैसे भरलेले असूनही दहा मिनिटांत उठून बाहेर आला. त्याबद्दल मात्र कुणी त्याची टिंगल करत नाही.

दुसरा स्टॉकहोमवाला. त्याला तिथल्या सनलाइट स्टुडिओचा, करवत चालल्याचा भास देणारा आवाज हवा. तो आवाज बॉसच्या एचएम-टू नावाच्या पेडलमधून येतो, चारही बटणं शेवटपर्यंत पिळली की. एचएम-टू यांच्यापैकी कुणी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. तो झूम ५०५ या प्लास्टिकच्या डबीतून तो आवाज काढायचा प्रयत्न करतो आणि दर रविवारी सांगतो, "जवळपास आलंय." जवळपास काहीही आलेलं नसतं. पण त्याचा एक किस्सा तुम्हाला उद्देशून असतो, तो नीट ऐका.

"स्टॉकहोममध्ये निहिलिस्ट म्हणून बँड होता. १९८९ मध्ये त्यांना बेसिस्ट नकोसा झाला. पण तोंडावर सांगणार कोण? मग सगळ्यांनी मिळून बँडच मोडला. आणि काही दिवसांतच बाकीचे पुन्हा एकत्र आले. नाव ठेवलं एन्टोम्ब्ड."

"आणि बेसिस्ट?" तुम्ही विचारता.

"त्यानं अनलीश्ड काढला. तोही गाजला. तू टेन्शन घेऊ नको."

गोष्ट खरी आहे. पुढच्याच वर्षी, १९९० मध्ये, या एन्टोम्ब्डनं 'लेफ्ट हँड पाथ' काढला आणि स्वीडनचा आवाज जगभर ठरून गेला. तुम्ही मान डोलावता. आज बँड मोडण्याची भाषा कुणी केली, तर कारण विचारायचं नाही हे तुमच्या लक्षात येतं.

आता गायक येतो. शेवटी येण्याचा त्याला हक्क आहे, कारण त्याला सामान नाही. बी. कॉम.च्या शेवटच्या वर्षाला, केस खांद्यापर्यंत, हातात आईनं दिलेला थर्मास. त्यात ज्येष्ठमध घातलेलं गरम पाणी. तो दोन घोट घेतो, झाकण लावतो, माइक तोंडाशी धरतो, आणि तुमच्यापासून दोन फुटांवर जमीन फाटते.

ही गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे, म्हणून थांबा जरा. ओरडणं वेगळं, हे वेगळं. ओरडला असता तर तिसऱ्या मिनिटाला घसा बसला असता. स्वरयंत्रात खऱ्या स्वरपट्ट्यांच्या वर मांसल घड्यांची आणखी एक जोडी असते, खोट्या स्वरपट्ट्या म्हणतात तिला. हा श्वास पोटातून ढकलतो आणि या खोट्या पट्ट्या थरथरवतो. गळ्याच्या शिरा ताणल्या गेल्या की समजायचं चुकतंय. याच्या शिरा जागेवर आहेत. खांदे सैल, पोट आत-बाहेर, चेहऱ्यावर हिशेब जुळवताना असते तेवढीच एकाग्रता. हे त्याला कुणी शिकवलेलं नाही, शिकवणारा या शहरात कुणाला माहीत नाही. वर्षभर उशीत तोंड खुपसून त्यानं ते स्वतः शोधून काढलं. पहिले दोन महिने घशातून रक्त येईल असं वाटायचं, मग एका रात्री काहीतरी सुटलं आणि त्रास थांबला.

घरी याचा सर्वांत कमी त्रास आजीला. आजीला वयामुळे कमी ऐकू येतं. म्हातारपणी आधी वरचे सूर जातात, खालचे बरेच दिवस राहतात. त्यामुळे सुनेचं बोलणं तिच्या कानापर्यंत पोचत नाही, टीव्हीवरच्या बायका नुसतेच ओठ हलवतात, पण नातवाच्या खोलीतला तो खर्ज तिला स्वच्छ ऐकू येतो. "एवढा एकच मुलगा घरात मोकळ्या आवाजात बोलतो," असं ती शेजाऱ्यांना सांगते.

दोन तास संपले की जेवायला गायकाच्या घरी, पार्ल्याला. पाच काळे टी-शर्ट ओळीनं पाटावर बसतात, वरण-भात, बटाट्याची भाजी, वर तूप. काकू वाढताना फक्त एकदा विचारतात, "त्या कवटीच्या डोळ्यातून काय बाहेर येतंय रे? अळी? बरं. लोणचं घे."

खरा कसोटीचा प्रसंग जेवणानंतर. गायकाची ताई एमबीबीएसला आहे. नव्या गाण्याचे शब्द लिहिताना यानं तिचं बी. डी. चौरसियाचं शरीररचनेचं पुस्तक ढापलं होतं. यात नवं काही नाही. इंग्लंडच्या 'कार्कस'नं १९८८ च्या आपल्या पहिल्या रेकॉर्डवर शवविच्छेदनाचे फोटो लावले होते आणि गाण्यांत वैद्यकीय शब्द खचाखच भरले होते. तेव्हापासून डॉक्टरांची पुस्तकं या संगीताचे संदर्भग्रंथ झाली आहेत. पण कार्कसवाल्यांच्या घरी ताई नसावी. ही वही उघडते, पेन्सिल काढते आणि तपासायला बसते.

"तिसऱ्या कडव्यात यकृत डावीकडे आलंय."

"कविता आहे ताई ती."

"यकृत उजव्या बाजूला असतं."

"पण 'लेफ्ट'ला 'थेफ्ट' यमक जुळतंय. 'राइट'ला काय आहे?"

"नाइट, फाइट, बाइट, लाइट, टाइट. पुढे?"

खोलीत शांतता. फ्लोरिडावाला छताकडे बघतो. ड्रमर मांडीवर सहा-आठ वाजवत बसतो. सगळं गाणं ज्या चोरीवर उभं आहे तीच निघून चालली. शेवटी ताईलाच दया येते. "सायटस इन्व्हर्सस म्हणून प्रकार असतो. सगळे अवयव आरशात पाहावं तसे उलटे. दहा हजारांत साधारण एखादा. तुमचं प्रेत तसलं असेल तर यकृत राहू दे डावीकडे. पण मग चौथ्या कडव्यातलं अपेंडिक्सही डावीकडे ने. आणि मारेकऱ्यानं हृदय शोधायला डावीकडे सुरी मारलीय, ती फुकट गेली."

गाण्याचं नाव त्याच बैठकीत 'सायटस इन्व्हर्सस' ठरतं. चौथं कडवं पूर्ण बदलतं. मारेकरी आता आधी डावीकडे शोधतो, गोंधळतो, मग उजवीकडे वळतो. माझ्या मते बँडनं केलेलं हे सर्वांत चांगलं गाणं आहे. आतला एकही शब्द ऐकणाऱ्याला कळणार नाही हे पाचांनाही पक्कं माहीत होतं, तरी अपेंडिक्स जागेवर हवं म्हणून ते दीड तास भांडले.

बँडचं नाव तुम्ही विचारणारच. मी सांगू शकत नाही. चांगली नावं अमेरिकेनं आणि स्वीडननं आधीच उचलली होती. डेथ, ऑबिच्युअरी, ऑटोप्सी, सफोकेशन, डिसमेंबर. उरल्यासुरल्यातून यांनी एक निवडलं आणि रूढीप्रमाणे त्याचा लोगो केला, मुळं, काटे आणि थेंब मिळून झालेली एक आडवी जाळी, दोन्ही बाजूंनी सारखी. लोअर परळच्या गाळ्यातला स्क्रीन प्रिंटिंगवाला कागद हातात घेऊन तो चारही बाजूंनी फिरवत विचारतो, "वर कुठली बाजू?" स्टॉकहोमवाला बोट दाखवतो. चाळीस टी-शर्ट छापून येतात, चाळीसही उलटे. पैसे गेलेले आहेत, त्यामुळे तेच विकायचं ठरतं. आजतागायत एकाही गिऱ्हाइकाची तक्रार आलेली नाही. सरळ छापलेला लोगो एकदा पोस्टरवर आला, तेव्हा मात्र दोघांनी विचारलं, "हा उलटा का छापलाय?"

आता आपण पुढच्या शुक्रवारी. डोंबिवलीत तुमच्या स्वयंपाकघरात गॅसवर पातेलं आहे आणि पातेल्यात तुमच्या बेसच्या चार तारा उकळताहेत. बेसच्या तारांचा नवा सेट घ्यायचा तर धोबीतलावला फर्टाडोजला जायचं, आणि किंमत ऐकून रिकाम्या हातानं परत यायचं. गरिबाचा उपाय जगभर एकच, तारा काढा आणि उकळा. जाड तारेला बाहेरून बारीक तारेचे वेढे असतात. त्यांच्या फटींत घाम, मळ, कातडीचा चुरा साठतो आणि आवाज मंद होतो. दहा मिनिटं उकळलं की पाण्यावर करडा तवंग येतो, तारा पुसून वाळवल्या की चार-आठ दिवस खणखणतात. आई दारात येऊन उभी राहते, वाकून बघते.

"यात मीठ घालायचं असतं का?"

"नको."

"पातेलं मग माझ्याकडे परत येऊ देऊ नकोस."

उद्या कॉलेज फेस्टिव्हल. वेस्टर्न बँड स्पर्धा, पंधरा मिनिटं, साउंड चेक धरून. तुमच्या आधी फॅशन शो, नंतर एकपात्री. प्रेक्षकांना 'समर ऑफ सिक्स्टी नाइन' हवं आहे. मुंबईत दुसऱ्यांची गाणी वाजवणाऱ्याला टाळ्या आणि स्वतःची वाजवणाऱ्याला सल्ला मिळतो, असा तो काळ. अर्थात सगळं शहरच तसं नव्हतं. १९८६ पासून फरहाद वाडियांचा 'इंडिपेन्डन्स रॉक' रंगभवनात भरत आला, अलाहाबादहून १९९३ साली निघालेलं 'रॉक स्ट्रीट जर्नल' हातोहात फिरायचं, आणि २००० साली याच शहरात साहिल माखिजा नावाच्या तरुणानं 'डेमॉनिक रेझरेक्शन' सुरू केला, स्वतःची गाणी वाजवायचा हट्ट धरून. पण त्या धोबीतलावच्या रंगभवनाभोवती झेवियर्स, कामा आणि जी. टी. हॉस्पिटल. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रुग्णालय, शाळा-कॉलेज आणि न्यायालयाभोवतालचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र करता येऊ लागला आणि रात्री दहानंतर लाउडस्पीकरला बंदी आली. रंगभवनातला रॉक त्यातच गेला. महोत्सव पुढे अंधेरीच्या चित्रकूट मैदानावर हलला. सैतानाचं नाव घेणाऱ्या या पोरांना पोलिसांनी, पुजाऱ्यांनी, पालकांनी फारसं कधी अडवलं नाही. अडवलं ते घड्याळानं.

स्टेजवर चला. साउंडवाले काका सज्जन आहेत. पंधरा वर्षं ऑर्केस्ट्रा आणि गणपतीचे मांडव केलेले. फ्लोरिडावाला पहिला रिफ वाजवतो आणि काका धावत येतात.

"बंद कर, बंद कर! तुझी गिटार फाटतेय. वायर खराब आहे."

"काका, ती तशीच आहे."

"तशीच कशी? मला ऐकू येतंय ना."

"मुद्दाम फाडलीय."

काका त्याच्याकडे आजारी माणसाकडे पाहावं तसं पाहतात, बोर्डापाशी जातात आणि चांगुलपणानं फाटलेला सगळा भाग काढून टाकतात. आता समोर बसलेल्यांना दोन पोरं गिटारवर हळुवार टिचक्या मारताहेत असं ऐकू येतं. गायक माइकमध्ये एक गुरगुराट सोडतो, काका तोही 'फीडबॅक' समजून खाली ओढतात. चौथ्या मिनिटाला स्टॉकहोमवाला स्वतः बोर्डावर जाऊन बटणं सरळ करतो. काका कानांत बोटं घालून खुर्ची मागे घेतात. जाता जाता म्हणतात, "नंतर माझं नाव घेऊ नका."

सुरू. ड्रमर चार मोजतो आणि डिरेक्टऱ्यांवर घडवलेले पाय सुटतात. मागच्या ओळी उठून कँटीनकडे जातात, पुढे दहा-बाराजण येतात, सगळे काळे टी-शर्ट, त्यातले तीन उलटे. ते एकमेकांना धडका मारत गोल फिरायला लागतात. एकजण पडतो, तर चौघं फिरणं थांबवून त्याला उचलतात, त्याचा चष्मा शोधून देतात आणि पुन्हा धडका मारतात. काकू आणि ताई तिसऱ्या रांगेत. ताईचे ओठ हलताहेत. अवयव मोजतेय ती.

'सायटस इन्व्हर्सस'च्या मध्यावर आवाज अचानक अर्धा होतो. दोन्ही गिटारच्या झूमचे अडॅप्टर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर होते, आणि फॅशन शोवाल्या कुणीतरी हँडीकॅम चार्ज करायला तो बोर्डच उपटला आहे. ड्रमर डोळे मिटून वाजवतो, त्याला पत्ता नाही. गायक थांबत नाही. आणि तुमचा बेस थेट अँपमध्ये, वेगळ्या प्लगवर, काल रात्री उकळलेल्या तारांसकट. दोन आवर्तनं सबंध कॉलेजला तुम्ही स्वच्छ ऐकू येता. तार खणखणते आहे. तुम्ही चुकत नाही. हे महत्त्वाचं, कारण चुकला असतात तर आज पहिल्यांदाच कळलं असतं. मग कुणीतरी प्लग परत लावतं, दोन्ही गिटारा एकदम कोसळतात, आणि पुढचे बाराजण बेभान होतात. त्यांना वाटतं हे ठरवून केलं. पुढे बँड असेपर्यंत ते गाणं असंच वाजवलं गेलं, मध्ये गिटारा बंद करून.

परीक्षकांच्या शेऱ्यात एकच वाक्य, 'उच्चार अधिक स्पष्ट हवेत.' सहभागाचं प्रमाणपत्र मिळतं. त्यावर नावाच्या जागी 'बँड क्र. ७'. लोगो त्यांनाही वाचता आला नव्हता.

त्यानंतर महिनाभर प्रॅक्टिस बंद, कारण ड्रमर गणपतीत बुक आहे. बँजो पार्टीत ऑक्टोपॅड वाजवून दहा दिवसांत तो जेवढे कमावतो तेवढे या बँडनं सगळ्या आयुष्यात कमावले नाहीत. दिवाळीत तो त्याच पैशांतून सगळ्यांची दोन महिन्यांची खोली भरतो. मावशीच्या भाच्याची हळदही त्यानं केली. जेवण चांगलं होतं म्हणाला.

आता तुम्हाला कळेल की बँड टिकतात कशावर. ज्यांनी काळोख, सैतान, प्रेतं मनावर घेतली ते बँड वर्षाच्या आत 'कलात्मक मतभेदां'वरून फुटताना मी पाहिले आहेत. जे यकृताच्या जागेवरून भांडले आणि हसले, ते टिकले. टवाळी हा या संगीताचा अर्धा खुराक आहे, आणि हे बाहेरच्यांना कळत नाही कारण चेहरे गंभीर ठेवायचे असतात. 'कॅनिबल कॉर्प्स'च्या पहिल्या रेकॉर्ड जर्मनीत बंदीखाली होत्या. तोच बँड १९९४ मध्ये जिम कॅरीच्या विनोदी 'एस व्हेंचुरा'त पडद्यावर वाजवताना दिसतो, आणि त्याचा आताचा गायक जॉर्ज फिशर दौऱ्यावर असताना खेळण्यांच्या मशीनमधून पंज्यानं मऊ बाहुल्या उचलण्यात पटाईत म्हणून प्रसिद्ध आहे. जिंकलेल्या बाहुल्या तो मुलांना वाटून टाकतो. माखिजांचं पाहा. त्यांच्या डेमॉनिक रेझरेक्शनला २०१० मध्ये 'मेटल हॅमर' मासिकाचा पुरस्कार मिळाला, २०१४ मध्ये तो बँड जर्मनीच्या वाकेन महोत्सवात वाजवून आला, आणि स्वतः माखिजा 'हेडबँगर्स किचन' नावाचं पाककृतींचं चॅनेल चालवतात. २००७ मध्ये मुंबईत 'गटस्लिट' निघाला, पगडीवाल्या सरदार बेसिस्टसकट, आणि युरोपभर वाजवत फिरला. बेसिस्ट म्हणून तुम्हाला हे त्या रविवारी गॅरेजमध्ये ओरडून सांगावंसं वाटेल. अट लक्षात आहे ना? शिवाय अँप बंद आहे.

तुमचा बँड यांपैकी कुठेही गेला नाही. गायक सीए झाला, फ्लोरिडावाला पुण्यात आयटीत, ड्रमरची स्वतःची बँजो पार्टी आहे आणि गणपतीत तारीख मिळणं मुश्कील. टी-शर्ट अजून सहा शिल्लक आहेत.

परत या. आणि पुढच्या वेळी एखाद्या पबच्या दारावर वाचता न येणारं, काट्याकुट्यांचं पोस्टर दिसलं, तर "गिटारवाला आपला मित्र आहे" म्हणत फुकट शिरू नका. तिकीट काढा. खोलीचं भाडं अजून तीच पोरं खिशातून भरतात. जमलं तर एक टी-शर्टही घ्या. उलटा निघाला तर तक्रार करू नका.